घरपोच गांडुळं

“सर, एक गांडूळ केवढ्याला?”

हा प्रश्न मी विचारला. उभी राहून, मोठ्यानं, कोसबाडच्या शेतीच्या सहलीत, दहावीचा अख्खा वर्ग, दोन बाई आणि दावणीच्या तीन गाईंच्या देखत!

पैज रुचिका आणि चंद्रिकानं लावली होती. तिथल्या शेती केंद्राचे सर कधीपासून गांडूळखतावर बोलत होते आणि या दोघी मागून मला कोपरानं ढोसत होत्या. “विचार ना! हिंमत असेल तर विचार! आठवडाभर तुझ्या भूमितीच्या आकृत्या आम्ही काढतो.” गेल्या वर्षीची दक्षा असती तर खाली मान घालून बसली असती. ती दक्षा हजेरीला ‘हजर’सुद्धा इतकं हळू म्हणायची की बाईंनी तिला दोनदा गैरहजर लावलं होतं. पण यंदा पंधरा ऑगस्टला मी भाषण केलं. मधेच माइक बंद पडला, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. त्या दिवसापासून माझा आवाज सुटला तो सुटलाच! आई म्हणते, हिला कुकरसारखं झाकण असतं तर बरं झालं असतं.

सगळे खो खो हसले. सर सोडून. सरांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू नोकरीला लागल्यापासून ते याच प्रश्नाची वाट बघत होते.

“नगावर नाही मिळत, बाळ. किलोवर. चारशे रुपये किलो. एका किलोत हजारेक तरी बसतात.”

म्हणजे चाळीस पैशाला एक! वर्गाचं हसणं चालूच होतं, पण माझ्या डोक्यात धडाधड गणितं सुटायला लागली होती. कारण आदल्याच दिवशी आमच्या घरात गांडुळांवरून मोठा प्रकार झाला होता.

सांगते. माझा आजा, काकड्या. त्याचं वय त्याला माहीत नाही, आधार कार्डाला माहीत आहे. बाहत्तर. आजा रोज सकाळी गळ घेऊन नदीवर बसतो. नदी आमच्या घरामागंच, वाट सपाट, काही त्रास नाही. पण गळाला लावायला गांडूळ लागतं, गांडुळाला शेण लागतं, शेणाला गुरं लागतात, आणि आमची गुरं बाबांनी कंपनीत लागल्यावर विकून टाकली. त्यामुळे आजा आधी भातशेतातल्या बांधावरून पलीकडच्या पाड्यात जायचा, तिथल्या उकिरड्यात खणून डबाभर गांडुळं घ्यायचा, तोच बांध तुडवत परत यायचा आणि मग नदीवर जायचा.

आता तो उकिरडा कोणाचा? लहान्या आजाचा. लहान्या म्हणजे माझ्या आजाचा सख्खा धाकटा भाऊ. आणि हे दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत!

जमिनीवरून नाही हं. मरळीवरून! अकरा वर्षांपूर्वी दोघांनी मिळून एक मोठी मरळ गळाला लावली. ती काठापर्यंत आली आणि सुटली. आजा म्हणतो, लहान्यानं घाईनं ओढली. लहान्या आजा म्हणतो, काकड्यानं उगाच हिसका दिला. मरळ बिचारी कधीच म्हातारी होऊन मेली असेल. भांडण मात्र अजून तरुण आहे.

मग न बोलणाऱ्या भावाच्या उकिरड्यात आजा रोज खणतो कसा? मला एकच उत्तर सुचायचं. चोरून! त्यामुळे मी हा विषय मैत्रिणींसमोर कधी काढत नसे.

तर त्या रविवारी आजा बांधावरून घसरला. कंबरेपर्यंत चिखलात. गुडघा सोलवटला, डबा एकीकडे, गांडुळं एकीकडे. बाबांनी त्याला पाठीवर घेऊन घरी आणलं. माझे बाबा, नविन, उंबरगावच्या कंपनीत प्लास्टिकच्या खुर्च्या बनवतात. दिवसभर मशीनसमोर उभं राहून त्यांचं बोलणंही साच्यातून काढल्यासारखं झालंय.

“आजपासून बांधावर जायचं नाय,” बाबा म्हणाले.

“मग गांडुळं?” आजानं विचारलं.

“गांडुळं नाय.”

“मग मासे?”

“मासे बाजारात मिळतात.”

आजानं गळाची काठी पुसली आणि वळचणीला खोचली. मग ओट्यावर बसून तिच्याकडे बघत राहिला. काठी नुसती खोचलेली, आणि आजा नुसता बसलेला. मला ते बघवेना.

मी पर्याय शोधून ठेवले होते. डहाणूला एका दुकानात गळाला लावायची कोळंबी बर्फात ठेवून विकतात, साठ रुपये पाकीट. पण आमच्या वेवजीहून तलासरीला एक गाडी, तिथून डहाणूला दुसरी, आणि घरी येईपर्यंत बर्फाचं पाणी आणि कोळंबीचा असा वास की शेजारच्या सीटवरचा माणूस उतरून चालत जाईल. एवढ्या खर्चात मासाच घेऊन आलेला बरा.

आणि इथे कोसबाडचे सर सांगत होते, चाळीस पैसे!

“सर, अर्धा किलो बांधून द्या!”

“घेऊन काय करणार?”

“व्यवसाय!”

चंद्रिकानं कपाळावर हात मारला. पण सरांनी खरंच दिली. ओल्या गोणपाटाच्या पिशवीत, शेणासकट, मूठभर जास्तच. दर रविवारी वाडीत ढोबळी मिरची खुडून मी कानातल्यांसाठी दोनशे रुपये जमवले होते, ते दिले. कानातली काय, पुढच्या वर्षीही मिळतील.

बसमध्ये पिशवी मी सीटखाली ठेवली. एक गांडूळ चंद्रिकाच्या मोज्यावर चढलं. तिनं अशी किंकाळी फोडली की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, आणि मागच्या चिकूच्या टेम्पोवाल्यानं गुजरातीत आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली!

घरी आल्यावर मी आईचा कपडे धुवायचा निळा टब घेतला.

“त्यात काय घालतेस?” आईनं आतून विचारलं.

“माती!”

खोटं नव्हतं. माती होतीच. शिवाय पाचशे नग मालही होता. टब ओट्याच्या कडेला सावलीत ठेवला, वर ओलं गोणपाट टाकलं आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं पाटी लिहिली:

दक्षा आमिष केंद्र. ताजी! वळवळती! घरपोच! प्रोप्रायटर: कु. दक्षा.

दुसऱ्या दिवशी आजाला चहाबरोबर डबा दिला. आत दहा गांडुळं, मोजून.

आजानं डबा डोळ्याजवळ नेला. “एवढीशी? ह्यांना जेवू घालत नाय का कोण?”

“आजा, खास जात आहे ती! कोसबाडची! आता तुला बांध नको, चिखल नको, खणायला नको. चहा पी आणि थेट नदीवर!”

आजानं माझ्याकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. मग शेतापलीकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

“बेस,” तो म्हणाला. आणि काठी काढून नदीवर गेला.

मी त्या दिवशी शाळेत जमिनीवर चालत नव्हते. बाबांचं ऐकलं गेलं, आजाचा गळ वाचला, आणि वर आमच्या घरावरचा गांडूळचोरीचा डागही पुसला! रुचिकाला मी सांगूनही टाकलं, “पुढच्या वर्षी तलासरी नाक्यावर शाखा काढणार.”

फक्त एक गडबड होती. आजा रिकाम्या हातानं परत आला.

मंगळवारी रिकामा. बुधवारी रिकामा. गुरुवारी मी दहाच्या जागी वीस गांडुळं दिली. रिकामा! माझा आजा, जो गळाला गवताची काडी लावली तरी चार मासे घेऊन येईल, असं पाड्यात म्हणतात, तो!

“मासे खात नाहीत का माझी गांडुळं?” मी विचारलं.

“खातात की.”

“मग?”

“पाणी गढूळ हाय.”

पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. मी स्वतः पाहिलं होतं. शुक्रवारी आजा जेवणातही अर्धीच भाकरी खाऊन उठला. मला वाटलं, मालाच्या दर्जात काहीतरी कमी आहे. गांडुळांना हवा मिळत नसेल! म्हणून शनिवारी सकाळच्या शाळेला निघताना मी टबावरचं गोणपाट काढून ठेवलं.

दक्षा आमिष केंद्राचा इतिहास इथे संपतो. पुढे जे झालं ते कोंबड्यांचं काम.

आधी आमच्या दोन कोंबड्यांना पत्ता लागला. त्यांनी ती बातमी स्वतःजवळ ठेवली असती तर काही बिघडलं नसतं. पण कोंबडीला काही मिळालं की ती ओरडून गाव गोळा करते. शेजारच्या कमळी काकीच्या सात आल्या. मग त्यांच्यामागून अख्ख्या पाड्याच्या! आई नदीवर धुणं घेऊन गेली होती, नेहमीचा टब मी अडवलेला म्हणून पातेल्यात घालून. आजा ओट्यावर गळाचा दोरा नीट करत बसला होता. त्यानं सगळं पाहिलं आणि एकाही कोंबडीला हाकललं नाही. “पोटभर खात होत्या,” तो नंतर म्हणाला. “उठवायला जीव होईना.”

मी शाळेतून आले तेव्हा अंगणात तीसेक माणसं होती. प्रत्येक जण आपापली कोंबडी शोधत होता. कोंबड्या फुगून उशांसारख्या झाल्या होत्या. एकही पळत नव्हती. एक तर टबातच बसली होती, डोळे मिटून.

“संगीता! माझ्या तुरेवालीला काय खायला घातलंस?” कमळी काकी आईवर ओरडत होती.

“मी कुठं घातलं बाई! तीच न विचारता जेवली!”

“ती माझी नाय, ही माझी!”

“तुझी लंगडते!”

“आता सगळ्याच लंगडतात!”

या गलक्यात शेतापलीकडून एक आवाज आला. लांब, चढत जाणारा. बाईमाणसाचं रडणं. कोणीतरी गेल्यावर रडतात तसं.

सगळ्यांनी माना तिकडे वळवल्या. कोंबड्यांनीसुद्धा.

बांधावरून दोन माणसं येत होती. पुढे लहान्या आजा, ठेवणीतला पांढरा सदरा घालून. मागे त्याची बायको, जिवली आजी, तोंडाला पदर लावून रडत. आणि लहान्या आजाच्या खांद्यावर एक लाकूड होतं.

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे कोणी गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड येतं. सरणाला. सांगावं लागत नाही. अंगणात माणसं जमलेली दिसली की लाकूड घेऊन निघायचं.

मी आजाकडे पाहिलं. आजा ठणठणीत होता, दातात दोरा धरून.

लहान्या आजा अंगणात आला. माणसं बाजूला झाली. समोर ओट्यावर आजा! लहान्या आजा जागच्या जागी थांबला. मागून येणारी जिवली आजी त्याच्या पाठीवर आपटली, पदर बाजूला झाला, आजा दिसला आणि तिचं रडणं मधेच तुटलं, करंट गेल्यावर चक्की थांबते तसं.

आजानं दातातला दोरा काढला. पण बोलला माझ्याशी.

“दक्षा, विचार त्याला. लाकूड कोणासाठी?”

मी लहान्या आजाकडे वळले. “तो विचारतो...”

“ऐकलं मी. सांग त्याला, सहा दिवस खणायला आला नाय. त्याच्या आधी बांधावर पडला, पाठीवर घालून नेला. आज अंगणात एवढी माणसं दिसली. मग माणूस काय समजणार?”

“सांग त्याला, ती कोंबड्यांची माणसं हायत.”

“सांग त्याला, कोंबड्या लांबून दिसत नायत!”

मी मधे उभी राहून मान इकडून तिकडे फिरवत होते, टेबलफॅनसारखी. पण माझं लक्ष एका शब्दावर अडकलं होतं.

“लहान्या आजा, म्हणजे तुला माहीत होतं? आजा तुझ्या उकिरड्यात खणतो ते?”

जिवली आजीनं नाक पुसलं आणि मलाच झापलं. “माहीत होतं? अगं पोरी, रोज संध्याकाळी पोतं भिजवून उकिरड्यावर कोण टाकतं? गांडुळं वर यावीत, ह्या म्हाताऱ्याला जास्त खणायला लागू नये म्हणून! अकरा वर्षं! माझ्या कपड्यांना पाणी नसलं तरी पोत्याला पाणी! आणि हा काकड्या परत जाताना आमच्या दारातल्या खुंटीला पानात बांधून मासा टांगून जातो. आदल्या दिवसाच्यातला सगळ्यात मोठा. हा बघत नाय, तो बोलत नाय. सहा दिवस ते पोतं कोणी उचललं नाय. हा रोज सकाळी जाऊन बघायचा. काल जेवलासुद्धा नाय.”

माझी चोरीची गोष्ट गेली कोंबडीच्या पोटात. मी टबाकडे पाहिलं. चाळीस पैशाला एक, घरपोच! आजाचा बांध वाचवला, चिखल वाचवला, खणणं वाचवलं. आणि दोन म्हाताऱ्यांचं होतं नव्हतं तेवढं बोलणं मी मोजून दहा दहा करून बंद पाडलं होतं.

“आजा,” माझा सुटलेला आवाज पुन्हा गेल्या वर्षीसारखा झाला. “तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू कानातल्यांचे पैसे घातलेस ना पोरी.”

“आणि मासे? मिळत नव्हते की...”

“मिळत होते. सोडून देत होतो.”

“का?”

आजानं असा चेहरा केला, जणू मी दोन अधिक दोन विचारलं. “त्याची गांडुळं घेतली नाय, मग मासा कशाचा द्यायचा? उगाच टांगला असता, तर तो म्हणाला असता, काकड्याच आधी बोलायला आला.”

“म्हणालोच असतो!” लहान्या आजा म्हणाला.

आजा ओट्यावरून उठला. लंगडत खाली आला. त्यानं भावाच्या खांद्यावरचं लाकूड हातानं चाचपलं. सुकं, सरळ, बिनगाठीचं. घराच्या आढ्याला शोभेल असं.

“दक्षा, सांग त्याला. एवढं चांगलं लाकूड कोण जाळतं का?”

“सांग त्याला, चार पावसाळे सांभाळून ठेवलं होतं. वाकडं लाकूड घेऊन आलो असतो, तर वर गेल्यावरसुद्धा नावं ठेवली असती ह्यानं!”

“मी कधी नावं ठेवली?”

“मरळीवरून ठेवली नाय?”

“तू घाई केलीस म्हणून ठेवली!”

“तू हिसका दिलास!”

“मी हिसका दिला? तुला दोरा सोडायला सांगत होतो मी!”

“तेव्हा सांगितलं असतंस तर सोडला असता!”

“सांगितलं! तू ऐकलं नायस!”

दोघं एकमेकांच्या नाकाला नाक लावून ओरडत होते, आणि मधे मी नव्हते! मी हळूच दोन पावलं मागे सरकले. कमळी काकीनं तुरेवाली काखेत मारली आणि तोंडावर हात ठेवला. मरळ आधी हाताएवढी होती, मग मांडीएवढी झाली. कोणीही मधे पडलं नाही.

जिवली आजीनं डोळे पुसले. “संगीता, चहा ठेव गं. हे आता संपायचं नाय.”

“लाकडं ओली आहेत,” आई म्हणाली. आणि तिची नजर त्या सुक्या लाकडावर गेली. मग ती ओशाळली. सरणाला आणलेलं लाकूड चुलीत कसं घालायचं?

आजानं भांडण थांबवलं, फक्त तेवढ्यापुरतं. “जाळायलाच आणलंय ना? फोड आणि जाळ.”

त्या लाकडावर अख्ख्या अंगणाला पुरेल एवढा चहा झाला. लहान्या आजानं दोन कप घेतले.

संध्याकाळी बाबा कंपनीतून आले तेव्हा दोन्ही म्हातारे ओट्यावर बसून मरळीवरच बोलत होते. बाबांनी दारातून आत पाऊल टाकलं, परत बाहेर जाऊन घराचा दरवाजा आपलाच आहे का ते बघितलं, आणि मग आईकडे. आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

टबात मूठभर गांडुळं शिल्लक होती, तळाशी घाबरून बसलेली. मी ती डब्यात भरली, पुठ्ठ्याची पाटी उतरवली, आणि पंधरा ऑगस्टच्या आवाजात म्हणाले:

“आई, बाबा, मी ठरवलंय! दक्षा आमिष केंद्र चालूच राहणार. फक्त जागा बदलली. नवीन पत्ता, लहान्या आजाचा उकिरडा. उरलेला माल मी उद्या तिथेच सोडणार. घरपोच सेवा कायमची बंद! गिऱ्हाईकानं स्वतः चालत यायचं आणि स्वतः खणायचं. बांधावरून त्याचा हात मी धरीन, रोज, शाळेआधी, म्हणून बाबा तुम्ही आता नाय म्हणायचं नाय. भाव जुनाच, खुंटीला एक मासा. आणि आई, तुझा टब मी आत्ता घासून देते... बरं, दोनदा!”